लुंबिनीच्या नावावरचा फ्रिज

बँकेच्या जिन्यात प्रत्येक वळणावर लोक थुंकून गेले होते. जुन्या पिचकाऱ्या काळ्या पडल्या होत्या, त्यांच्यावर आजच्या ताज्या होत्या. लुंबिनी पदर पोटाशी आवळून, भिंतीला अंग लागणार नाही अशा बेतानं वर चढली. तिच्या बोटांची आग होत होती. काल दिवसभर तिनं शांतम्माच्या कांडपावर चाळीस किलो मिरची कुटली होती. रात्री खोबरेल चोळलं, सकाळी ताकात हात बुडवून बसली, तरी नखांखालची आग गेली नव्हती. डोळ्याला हात लागू नये म्हणून ती दोन्ही पंजे अंगापासून लांब धरून चालायची, आणि उदगीरच्या रस्त्यावर लोक तिच्याकडं बघायचे.

शांतम्मा म्हणजे गावातली कांडपवाली. मूळची बिदरकडची, बोलण्यात कानडी. वीस वर्षं तिनं कवळवाडीत मिरची-हळद कुटली आणि आता तिचे गुडघे गेले होते. लुंबिनी तिच्याकडं सात हंगाम मजुरीला होती. संक्रांतीला शांतम्मा म्हणाली होती, "यव्वा, मशीन तूच घे. मोटार, दोन उखळ, चाळणी, समदं मिळून एक लाख. भायेरच्याला दीड सांगते मी." गटविकासाच्या एका योजनेतून बँक कर्ज देत होती. लुंबिनीनं कागद गोळा केले, फोटो काढले, अर्ज टाकला, आणि आज तिसऱ्यांदा चौकशीला आली होती.

टेबलामागचा साहेब तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. त्यानं संगणकाकडं बघतच विचारलं, "लुंबिनी अमरनाथ सूर्यवंशी?"

"हाव."

"होत नाही मावशी. सिबिल पाचशे एकसष्ट आहे."

"मंजे पास का नापास?"

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. साहेबही हसला. "नापास. जुनं कर्ज बुडवलंय तुम्ही."

"आमी कधी कर्जच काढलं न्हाई, साहेब."

त्यानं पडदा तिच्याकडं वळवला. "हे काय? ऑक्टोबर दोन हजार एकवीस. फ्रिज. चौतीस हजार. चार हप्ते भरले, नंतर बंद. आता दंड-व्याज धरून एकतीस हजार चारशे थकलेत."

"आमच्या घरी फ्रिज न्हाई."

"मग कुणाच्या घरी आहे ते बघा," शेजारचा म्हणाला, आणि दोघं पुन्हा हसले.

लुंबिनीला बघायची गरज नव्हती. फ्रिज कुठं आहे हे तिला ठाऊक होतं. तिनं तो स्वतःच्या हातानं दोनदा पुसलासुद्धा होता.

*

नणंद बुद्धप्रिया उदगिरातच राहायची. तिचा नवरा पंचायत समितीत कारकून. स्लॅबचं घर, फाटकाला जाळी, दारात तुळतुळीत फरशी. त्या साली दिवाळीच्या आधी बुद्धप्रियानं भावजयीला बोलावून घेतलं होतं. "लुंबे, बायकांच्या नावावर स्कीम हाय. तुज्या नावावर घेते, हप्ते मी भरते. तुला एक रुपयाचा तरास न्हाई." दुकानात फोटो काढताना लुंबिनीची साडी मळकी दिसत होती म्हणून बुद्धप्रियानं स्वतःची शाल तिच्या खांद्यावर टाकली होती. फोटो झाल्याबरोबर काढूनही घेतली. लुंबिनीकडं तेव्हा फोन नव्हता. नंबर नवऱ्याचा दिला होता.

ती बँकेतून सरळ तिथं गेली. बुद्धप्रिया दारात आली. चेहऱ्यावर काहीतरी पांढरं लावलेलं, वाळून त्याला भेगा पडलेल्या.

"जयभीम आक्का."

"जयभीम. ये की. अगं, मिरचीचे हात घेऊन सोफ्यावर नको बसू."

लुंबिनी खाली बसली. बुद्धप्रियानं फ्रिज उघडला, बाटली काढली, वरून धार धरून तिला पाणी पाजलं. ओंजळीनं. बहिणीसारखी म्हणवायची आणि पेला द्यायची नाही. पाणी इतकं गार होतं की लुंबिनीच्या दाढेत कळ गेली.

"आक्का, फ्रिजचे हप्ते राहिलेत मनं बँकवाले."

"कोन मनलं? ते कवाच मिटलं."

"मिटलं न्हाई. चारच भरले."

बुद्धप्रियाच्या चेहऱ्यावरची भेग ओठाजवळ रुंद झाली. "अगं, त्या येळंला तुज्या दाजीची बदली झाली, खर्च लागला. फायनान्सवाले दोन-चार महिने फोन करतेत, मग सोडून देतेत. समदे तसंच करतेत. तुला काय फरक पडला सांग? तुज्या दारात कोन आलं का?"

"माझं कर्ज अडलं."

"तुला कशाला कर्ज पायजे?" ती खरंच नवल करत होती. "मजुरी हाय की तुला. कांडपाचा धंदा बायकांचा का? उद्या फेफडं खराब झालं मंजे?"

  उठताना लुंबिनीच्या पंजाचा लालसर ठसा फरशीवर उमटलेला तिला दिसला. बुद्धप्रियालाही दिसला. फाटकाच्या बाहेर पडेपर्यंत आतून फडक्यानं फरशी घासल्याचा आवाज आला.

*

घरी सासू नागुबाई चुलीपुढं तूर निवडत होती. अमरनाथ डाळ-मिलमधून नुकताच आला होता, भुवयांवर डाळीचा भुसा. तो हमालीला होता. पाठीवर पन्नास किलोचं पोतं घेऊन दिवसातून दोनशे खेपा करायचा, आणि घरात आला की बोलायचाच नाही. त्याचं न बोलणं लुंबिनीला इतकी वर्षं थकवा वाटत आला होता.

तिनं सगळं सांगितलं. अमरनाथ पायातल्या भेगेतला खडा काढत राहिला.

"तुमच्या फोनवर कधी आले का त्यांचे फोन?"

त्यानं खडा काढला, बघितला, टाकला.

"मी काय इचारलं?"

"आल्ते."

"किती?"

"लई. साल-दीड साल येऊन राहिले होते. शिव्या द्यायचे. मग मी ते नंबर बंद केले."

"मला कामून सांगितलं न्हाई?"

"सांगून काय करणार होतीस? आक्काला पैशे माग मनली असतीस." तो खाली बघूनच बोलत होता. "आक्कानं माझं लग्न लावलं. तिला कसं मागावं?"

नागुबाई सुपातली तूर हलवत म्हणाली, "लेकीच्या घरी वसुलीला जातेत का कोणी? शोभंल का? एका फ्रिजापायी माणसं तोडतीस का?"

 लुंबिनी परसात गेली, कुडाला धरून उभी राहिली. ती फ्रिजवर चिडली नव्हती, पैशावरही नाही. दीड वर्ष हा माणूस तिच्या नावानं शिव्या ऐकत होता आणि रात्री तिच्या हाताला खोबरेल चोळत होता. त्याच हातांनी त्यानं ते नंबर बंद केले होते. अंगणातून त्याच्या खाकरण्याचा आवाज आला, आणि तिला तो आवाजसुद्धा नको झाला.

आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, ताट सरकवायची. नवव्या दिवशी अमरनाथनं कोपरीच्या खिशातून एक पावती काढून तिच्यापुढं ठेवली.

"झालं काम. उदगिरात रुद्रेश मनून हाय, नेटवाला. सिबिल साफ करून देतो. पंधरा दिवसांत साडेसातशे करतो मनला. चार हजार घेतले."

पावतीवर शिक्का नव्हता. नुसती सही, तीही पानाच्या लाल बोटाचा डाग पडलेली. लुंबिनीनं डब्यात हात घातला. मिरचीच्या मजुरीचे चार हजार तिथं नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती रुद्रेशच्या दुकानात गेली. तो खुर्चीत पसरून बसला होता, तोंडात तोबरा. तिला बघून त्यानं बोटानं थांबा सांगितलं, टेबलाखालच्या डब्यात थुंकला, आणि मग बोलला. "ताई, अर्ज टाकलाय वर. वरून साफ होतंय ते."

"वर मंजे कुठं?"

"मुंबईला."

"पैशे भरल्याबिगर साफ होतंय?"

"तीच तर आपली सेटिंग हाय."

"मग लिहून द्या."

तो हसला. दातांच्या फटीत सुपारीचं खांड अडकलेलं होतं. "अशा गोष्टी लिहून देतेत का? तुमचा माणूस समजदार हाय, त्याला पाठवा."

टेबलाखालच्या त्या डब्यावर माश्या बसत होत्या. लुंबिनी तिथंच उभी राहिली. दुकानात गिऱ्हाइकं येत-जात होती, फॉर्म भरायला आलेल्या पोरी तिच्या हाताकडं बघत होत्या. दीड तासानं रुद्रेशनं वैतागून दोन हजार टेबलावर टाकले. "जावा घेऊन. धंद्याच्या टायमाला तमाशा नको." उरलेले दोन हजार मिळाले नाहीत ते नाहीतच.

तिथून ती परत बँकेत गेली, पण त्या साहेबाकडं नाही. खाली काउंटरवर एक पोक्त बाई बसायच्या, त्यांच्याकडं गेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून सगळं ऐकून घेतलं.

"हे बघा ताई, पैसे दिल्याशिवाय कुणी काही पुसू शकत नाही. कंपनीला फोन करा. ते म्हणतील, निम्म्यात मिटवून टाका. मिटवू नका. तडजोड केली तशी नोंद राहते, ती बरीच वर्षं दिसते. पूर्ण भरा, आणि येणे बाकी नाही असं पत्र घ्या. मग इथं थोडी ठेव ठेवा, त्या ठेवीवर लहानसं कर्ज घ्या, आणि एक दिवससुद्धा न चुकवता फेडा. वर्ष-दीड वर्ष लागेल."

"दीड वर्ष?"

"बिघडवायला चार महिने लागतात. माझ्या हातात असतं तर आज दिलं असतं."

सासरच्या घरात पाऊल ठेवल्यापासून कुणी तिला सरळ उत्तर दिलं होतं ते हेच.

*

एप्रिलमध्ये कंपनीचा माणूस फोनवर खरोखर म्हणाला, चौदा हजारांत मिटवा. अमरनाथचे डोळे चमकले. लुंबिनी म्हणाली, "पुरे एकतीस हजार चारशे. त्यातला एक रुपाया कमी न्हाई."

"येडी झाली का?" नागुबाई म्हणाली. "समोरचा सोडतोय आन् ही देऊन राहिली."

तिनं दोन शेळ्या आणि एक तरणी पाठ विकली. अकरा हजार आले. मजुरीचे साठवलेले सहा, रुद्रेशकडून सोडवलेले दोन. शांतम्मानं पाच हजार उचल दिली. तरी सात हजार चारशे कमी पडत होते.

एका रविवारी सकाळी लुंबिनीनं गावातला भागवतचा छोटा टेम्पो भाड्यानं केला. दुकानातून फ्रिजच्या बिलाची नक्कल तिनं आधीच काढून आणली होती. अमरनाथला म्हणाली, "तुमी येणार का मी दोन हमाल करू?"

त्यानं हमालीचं फडकं खांद्यावर टाकलं. मग टेम्पोत मागं चढला.

बुद्धप्रियाच्या घरी सगळे जेवायला बसले होते. दाजी बनियनवर, बोटांना रस्सा. बुद्धप्रियाला आधी वाटलं, भाऊ सहजच आला. मग तिला दारातला टेम्पो दिसला, टेम्पोतलं दोरखंड दिसलं.

"काय हे?"

लुंबिनीनं बिल पुढं केलं. "फ्रिज न्यायला आलो, आक्का. माज्या नावावर हाय."

दाजींनी बिल हातात घेतलं नाही. रश्शाचे हात तसेच वर धरून म्हणाले, "पोलीस बोलवू का?"

"बोलवा. बिल हाय माज्याकडं."

गल्लीतल्या बायका फाटकाशी जमल्या. बुद्धप्रिया एकदम रडायला लागली, मग रडणं थांबवून भावाकडं वळली. "अमर, तू बगून राहिला का नुसतं? ह्या मिरचीवालीचं ऐकून बहिणीच्या घरात दरोडा घालतोस?"

अमरनाथनं वायर काढली. एवढंच केलं, पण त्यानं ती काढली.

लुंबिनीनं फ्रिजचं दार उघडलं आणि वास अंगावर आला. बाहेरून तीच तो पुसून गेली होती. आत कधी बघितलं नव्हतं. खालच्या खणात कोथिंबीर सडून काळं पाणी झाली होती. एका वाटीतल्या दह्यावर हिरवी लव चढलेली. मटणाचं एक पातेलं, त्यावर चरबीचा थर गोठून पिवळा पडलेला, त्यात मेलेलं झुरळ. औषधाच्या पट्ट्या, अर्धी खाल्लेली मिठाई, चिकटलेले केस. दारात त्या गार पाण्याच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. हे सगळं आपल्या नावावर होतं, हे तिच्या मनात आलं, आणि तिनं नाकाला पदर लावला नाही. एकेक वस्तू काढून ती फरशीवर ठेवत गेली. कोथिंबिरीचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. बाहेरच्या बायकांमधली एक म्हणाली, "अगंबाई, किती घान गं ही." बुद्धप्रियानं आत जाऊन दार लोटून घेतलं.

अमरनाथ आणि भागवतनं फ्रिज उचलला. हमालाला तो काहीच जड नव्हता. तरी पायऱ्या उतरताना अमरनाथ दोनदा थांबला.

जुन्या वस्तूंच्या दुकानदारानं फ्रिजच्या आत नाक घातलं, बाहेर काढलं आणि नऊ हजार सांगितले. लुंबिनीनं मोलतोल केला नाही. टेम्पोचे आठशे देऊन उरलेल्या पैशातून कंपनीचा भरणा पुरा झाला. पत्र यायला मात्र दोन महिने लागले. नऊ वेळा फोन करावा लागला. दर वेळी वेगळी पोरगी गोड आवाजात, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, म्हणायची आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं.

नागुबाईनं त्या दिवसापासून सुनेच्या हातचं जेवण सोडलं. तिनं चूल वेगळी मांडली. म्हातारी ओलं जळण फुंकत बसायची, धुरानं डोळे गळायचे, पण एका भिंतीच्या अंतरावरून लुंबिनीच्या भाकरीला शिवायची नाही.

*

पुढचं दीड वर्ष सांगण्यासारखं नव्हतं, म्हणजे त्यात कष्टाशिवाय काही नव्हतं. फेब्रुवारी ते मे मिरची. सकाळी सहाला देठ खुडायचे, उन्हाचा कडाका झाला की तेलाचा हात लावून परतायची, मग उखळात. मुसळं वर-खाली व्हायची, जमीन हादरायची, लाल धूळ पापण्यांवर, नाकात, छातीच्या घडीत. तिला रोज संध्याकाळी ठसका लागायचा आणि थुंकीत लाली दिसायची. ती रक्ताची की मिरचीची हे बघायची सवयही मोडली. पावसाळ्यात सोयाबीनची निंदणी, पुढं काढणी, मग मोंढ्यात धान्य चाळणं. आठ हजार जमल्यावर तिनं ठेव ठेवली. तिच्यावर सहा हजारांचं कर्ज घेतलं. स्वतःच्या आठ हजारांवर स्वतःच सहा हजार उसने आणि वर व्याज. चष्मेवाल्या बाईंनी ते तिला समजावलं, तेव्हा तिला किळसच आली.

"मंजे माजेच पैशे मी इकत घेऊन राहिले?"

"हो," बाई म्हणाल्या. "तसंच आहे ते."

पाच तारीख हप्त्याची असायची. ती चार तारखेला भरायची. एकदा ताप होता, तर अंगावर चादर घेऊन जीपमध्ये बसून गेली, काउंटरला टेकून उभी राहिली, भरून आली. कर्ज फिटलं की ती दुसरं घ्यायची. अमरनाथ आता तिला दर महिन्याला चार तारखेची आठवण करून द्यायचा.  त्याच्याशी बोलणं सुरू झालं होतं, पण कामापुरतं. एकदा तो म्हणाला, "मी चुकलो." ती म्हणाली, "हाव," आणि पीठ मळत राहिली. त्यानं खोबरेलाची बाटली पुढं केली की ती बाटली घ्यायची, हात नाही द्यायची.

मशीन दुसऱ्याला न विकता शांतम्मा थांबली. पण दुसऱ्या हंगामाच्या आधी तिनं लुंबिनीला बोलावून मान खाली घातली. "पोरं मनतेत, सव्वा लाखाच्या खाली देऊ नको. मी काय करू यव्वा? मशीन माजं, पन हात त्यांचे."

"तुमी एक लाख मनल्या होत्या."

"हौदु, खरं हाय. मनले होते." म्हातारीनं गुडघ्यावरून हात फिरवला. "आता न्हाई मनत."

दिवाळीनंतर बँकेत सिबिलचा आकडा निघाला, सातशे चोवीस. जिन्यातल्या पिचकाऱ्या तशाच होत्या. वरचा साहेब मात्र बदलला नसूनही बदलला होता. त्यानं खुर्ची दाखवली, चहा मागवला. "बसा ना मॅडम. एकही हप्ता उशिरा नाही. असे ग्राहक हवेत आम्हाला. मशीनचं करूच, त्याशिवाय वैयक्तिक कर्ज पण देऊ शकतो. पन्नास हजार, लगेच."

त्याला ती आठवत नव्हती. मावशी, नापास, काही आठवत नव्हतं. चहावर साय आली होती, कपाच्या कडेला आधीच्या कुणाच्या ओठाचा डाग. लुंबिनीनं तो कप सरकवला.

"मशीनचंच करा," ती म्हणाली.

*

जानेवारीत कांडप तिच्या नावावर झालं. आठवडाभरात गावात कळलं की लुंबिनीला बँक स्वतः बोलावून कर्ज देते. ज्यांनी तिला नणंदेच्या घरचा फ्रिज उचलणारी म्हणून नावं ठेवली होती, त्या बायका मिरचीच्या पिशव्या घेऊन येताना आवाज मऊ करून बोलायला लागल्या. एकीला भावासाठी गाडी पाहिजे होती. एकीला घरावर पत्रे. हप्ता आम्हीच भरू, नुसतं नाव द्या. लुंबिनी मोटार चालू करायची, आवाजात त्यांचं बोलणं बुडून जायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी शिवांगी आली. साखराबाई पाटलिणीची धाकटी सून, लग्नाला तीन वर्षं झालेली. घरची पंधरा एकर जमीन, पण ही पोर पायी, डोक्यावर पिशवी घेऊन आली. मिरची कुटून झाली तरी निघेना.

"काकू, तुमच्या नावावर पन्नास हजार काढून द्याल का? माझ्या नावावर मिळत न्हाई. आमच्या ह्यांनी आधीच काढलंय कायतरी. मला माहेरच्या माणसाचे द्यायचे हायत. हप्ता मी देते, शपथ."

लुंबिनीच्या तोंडातून निघून गेलं, "पाच हजार आधी काढून मला दिशील?"

तिनं हे ठरवलं नव्हतं. पण आवाज तिचाच होता, समजूतदार, मऊ, धंद्याचा. आणि शिवांगीनं क्षणभरही विचार केला नाही. उलट तिचा चेहरा उजळला. "हाव, देते की. सहा घ्या."

लुंबिनीनं मोटार बंद केली. मुसळं एकदा-दोनदा उचलून थांबली.  किती सोपं होतं ते. पोरीच्या खांद्यावर शाल टाकायचीसुद्धा गरज पडली नव्हती. ही पोर आपल्याकडं ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेची लाज तिला पायाच्या तळव्यापासून वाटली.

"न्हाई," ती म्हणाली. "पाच न्हाई, सहा न्हाई, नाव बी न्हाई. मी मनले ते इसरून जा."

शिवांगीचे डोळे भरले. तिनं पिशवी उचलली.

"थांब. तुज्या नावावर नवऱ्यानं किती काढलंय, तुला ठाऊक हाय का?"

"दोन हायत मनतेत."

"कोन मनतंय?"

"तेच."

"मंगळवारी मी बँकेत जाऊन राहिले. आधार घेऊन फाट्यावर ये."

"बघून काय व्हणार काकू?"

"काय न्हाई व्हणार," लुंबिनी म्हणाली. "पर ठाऊक तर व्हईल."

मंगळवारी शिवांगी फाट्यावर नव्हती. लुंबिनीनं दोन जीपा सोडल्या, मग एकटीच जाऊन आली. तिला पोरीचा राग आला, मग स्वतःचा. पाच हजारांचं ते वाक्य पोरीनं घरी सांगितलं असेल, असंही वाटलं, आणि सांगितलं असेल तर त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्याच्या पुढच्या मंगळवारी शिवांगी आली. आधार कार्ड ब्लाउजात घडी करून ठेवलेलं, घामानं ओलं. सासूला दवाखाना सांगून आली होती. बँकेत चष्मेवाल्या बाईंनी तिचा फोन मागितला, आकडे टाकले, आणि कागद छापायला सोडला. एक पान आलं, मग दुसरं, मग तिसरं.

"सहा आहेत," बाई हळू म्हणाल्या. "यातलं एक लग्नाच्या आधीचं आहे. माहेरच्या पत्त्यावर."

शिवांगी तिन्ही पानं हातात धरून उभी राहिली. लग्नाआधी तिनं सही कुठं केली होती ते ती आठवत होती, आणि ते आठवताना तिचा चेहरा बघवत नव्हता. बापाचं नाव तिच्या तोंडातून अर्धंच निघालं.

मागं रांगेतला माणूस म्हणाला, "चला की बाई लवकर, नुसत्याच उभ्या."

लुंबिनी त्याच्याकडं वळली. "थांबा," ती म्हणाली. "तिचं झालं न्हाई आजून."

मग तिनं शिवांगीच्या हातातलं वरचं पान घेतलं, काउंटरवर बाईंपुढं सरळ केलं, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे बोला बाई. हे कुठलं, किती राहिलं, आन् कुणाला भेटायचं."